'मुलाला तालमीत घाला' हे उत्तर वाचून

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पालकांच्या प्रश्नांचं जे सदर येतं त्यात परवा एका आईचा प्रश्न होता. मुलगा सातवीत आहे, मुलींमध्येच जास्त रमतो, बोलणं चालणं नाजूक आहे, शाळेत पोरं चिडवतात, कधीकधी मारतात पण, काय करावं. आणि खाली तज्ज्ञांचं उत्तर, की काळजी करू नका, मुलाला वडिलांच्या सहवासात जास्त ठेवा, मैदानी खेळ लावा, जवळपास तालीम किंवा जिम असेल तर घाला, मोबाईल कमी करा, वयानुसार आपोआप फरक पडेल. मी ते उत्तर परत वरून खालपर्यंत वाचलं, मला वाटलं मधली एखादी ओळ माझ्या नजरेतून सुटली असेल. नव्हती सुटली. मारणाऱ्या पोरांबद्दल त्यात एक अक्षर नाही! आईने विचारलं काय की माझ्या मुलाला मारतात, आणि उत्तर काय आलं तर मुलाला बदला. चोरी झाली म्हणून पोलिसात गेलं तर तुम्ही घरात सामानच कशाला ठेवता असं विचारण्यासारखं आहे हे.

मी घरी ट्यूशन घेते, पाचवी ते आठवी, गणित आणि सायन्स. आमचं तालुक्याचं गाव आहे, कोल्हापूर-सांगली पट्ट्यातलं, याच्यापेक्षा जास्त सांगत नाही कारण इथे कोण कोणाचा कोण हे दोन मिनिटात कळतं. माझ्याकडे तसाच एक मुलगा येतो, तोही सातवीतच, म्हणून त्या आईचा प्रश्न वाचून मला क्षणभर वाटलं की आमच्याच गल्लीतून गेलाय की काय. नसेल, कारण अशी मुलं प्रत्येक शाळेत असतात. मी हे पत्र लिहितेय ते त्याला विचारून, तो म्हणाला लिहा पण मी आहे हे कळता कामा नये, म्हणून घरच्या दोनचार गोष्टी मुद्दाम बदलल्यात. शाळेतल्या नाही बदलल्या.

शाळेत काय होतं ते आधी सांगते कारण 'चिडवतात' म्हटलं की मोठ्या माणसांना वाटतं की टोपणनावं ठेवत असतील, आम्हालाही ठेवायचे, त्यात काय. बायल्या, मावशी, छक्का हे तर रोजचंच, ते तो आता मोजतही नाही. पण हा मुलगा सकाळी घरून निघाला की संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही. का, तर मधल्या सुट्टीत बाथरूमला जायचं नाही म्हणून. तिथे दाराबाहेर उभे राहतात, दार ढकलतात, चड्डी ओढतात, "बघू रे खरंच आहे का" म्हणतात. डब्यात थुंकतात, म्हणून डबा तो वर्गात शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून खातो किंवा तसाच परत आणतो. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे (सातवीतल्या पोरांचा, आईबापांच्या नंबरवर चालतो) त्यात त्याच्या चेहऱ्याला टिकली आणि लिपस्टिक लावून स्टिकर केलाय, तो स्टिकर आता दुसऱ्या तुकडीतही फिरतो. पीटीच्या दिवशी ह्याच्या पोटात दुखतं, आणि ते नाटक नसतं, खरंच दुखतं, उलटी होते. पीटीचे सर हजेरी घेताना त्याच्या नावाच्या आधी 'कुमारी' लावतात आणि सगळा वर्ग हसतो. सरच असं करतात म्हटल्यावर पोरांना कोण अडवणार.

गेल्या वर्षी ह्याच मुलाने गॅदरिंगला लावणी केली होती. नऊवारी, नथ, गजरा सगळं, आणि शिट्ट्या पडल्या, वन्स मोअर आला, पाहुण्यांनी बक्षीस दिलं. आणि पुढच्याच सोमवारपासून हे जास्त सुरू झालं! आपल्याकडचं हे मला कधी कळलंच नाही. बालगंधर्वांची साडी नेसायची पद्धत आपल्या पणज्या-आज्यांनी उचलली असं कौतुकाने सांगतो आपण, आणि तेच कोल्हापूरचे गणपत पाटील, संसारी माणूस, मुलंबाळं असलेला, नुसतं सिनेमात नाच्याचं काम केलं तर लोकांनी त्यांना पडद्याबाहेरही तसंच धरलं आणि त्याचा त्रास त्यांच्या घरच्यांनाही झाला. आजही ह्या मुलाला रस्त्यात "आत्ता गं बया" ऐकू येतं, ओरडणाऱ्या पोरांनी ते सिनेमे बघितलेले पण नसतील. स्टेजवर चालतं आणि खाली उतरलं की चालत नाही.

एक गोष्ट इथे नीट सांगायला पाहिजे कारण तज्ज्ञांच्या उत्तरातही तो घोळ आहे. नाजूक बोलणारा प्रत्येक मुलगा गे नसतो, आणि गे असलेले कितीतरी मुलगे बोलण्या-चालण्यात इतरांसारखेच असतात, कबड्डी खेळतात, बुलेट चालवतात, कुणाला पत्ता लागत नाही. मारणारी पोरं काही तपासून मारत नाहीत. त्यामुळे शाळेने आधी मुलगा 'तसा' आहे का ते ठरवायचं आणि मग त्रास थांबवायचा का ते बघायचं, हा क्रमच चुकीचा आहे.

आता ह्या मुलाच्या बाबतीत सांगायचं तर तो आहे. त्याने मला सांगितलं. ट्यूशन सुटल्यावर सगळे गेले तरी हा दप्तर भरत बसलेला, कंपासमधली पेन्सिल काढायची परत ठेवायची, मग म्हणाला "काकू एक विचारू का, ओरडणार नाही ना." मी म्हटलं विचार. तर म्हणाला की वर्गातली मुलं मुलींबद्दल जसं बोलतात तसं मला मुलींबद्दल वाटत नाही, मला एका मुलाबद्दल वाटतं, आणि मी मोबाईलवर वाचलं त्याला काय म्हणतात ते, हे औषधाने जातं का?

बारा वर्षाच्या मुलाचा पहिला प्रश्न काय, तर हे औषधाने जातं का.

मी त्याला म्हटलं नाही जात, कारण तो आजारच नाही. तो म्हणाला तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. मग मी त्याला जे मला माहीत होतं ते सगळं सांगितलं, की जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला हे आजारांच्या यादीतून काढून टाकलं, म्हणजे तुझ्या आईच्या लहानपणी. अमेरिकेतल्या मानसोपचार डॉक्टरांच्या संघटनेने तर त्याच्याही आधी, १९७३ मध्ये. आपल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की हा मानसिक आजार नाही. आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ३७७ कलमातला, सज्ञान माणसांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला, त्यातल्या इंदू मल्होत्रा मॅडमनी लिहिलं की इतिहासाने ह्या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबियांची माफी मागायला हवी. तो ऐकत होता, मध्येच म्हणाला "कुटुंबियांची पण?" मी म्हटलं हो, तसंच लिहिलंय. मग बराच वेळ काही बोलला नाही आणि म्हणाला, "मग पप्पांना कोण सांगणार."

मी म्हटलं आत्ता कोणालाच सांगायची गरज नाही, तुला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला सांग, आणि मी तुझ्या परवानगीशिवाय कोणाला सांगणार नाही. हे वाक्य मी फार विचार करून बोलले, कारण अशा वेळी मोठ्या माणसांची पहिली धाव आईबापांकडे असते आणि त्यात हेतू चांगला असतो, पण काही घरात त्याचा परिणाम काय होईल ते आपल्या हातात राहत नाही. मार बसतो म्हणून मी त्याच्या आईशी बोलले, ते वेगळं, ते बोलायलाच पाहिजे. त्याला कोण आवडतं हे मी सांगितलं नाही. ते त्याचं आहे.

"एवढ्याशा पोराला काय कळतं" हा प्रश्न मला माझ्या मिस्टरांनीच विचारला (त्यांना नाव न सांगता बोलले होते). मी त्यांना विचारलं तुम्हाला शाळेतली कोण आवडायची, तर म्हणाले सहावीत असताना, दोन वेण्या, लाल रिबीन, सगळं आठवतंय. मग म्हटलं तेव्हा तुम्हाला कसं कळलं? हसले आणि पेपर वाचायला लागले. वयात येताना आवडनावड कळायला लागतेच, फक्त बाकीच्यांना कोणी पुरावा मागत नाही. काही मुलांना ह्या वयात नक्की कळत नाही, पुढे वेगळंही वाटू शकतं, तर राहू दे ना, घाई कोणाला आहे. कळलंय म्हणणाऱ्याला खोटं पाडायचं नाही आणि न कळलेल्याला शिक्का मारायचा नाही एवढंच.

आता घर. वाईट माणसं नाहीत हे आधी सांगते. वडिलांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, आजोबांनी तरुणपणी गावच्या जत्रेत कुस्त्या मारल्यात, तीन भावात मिळून हा एकच नातू, बाकी सगळ्या मुली. म्हणजे काय ओझं आहे बघा. हा जन्मला तेव्हा गावजेवण घातलं होतं. घरात कुठलंही लग्न असलं की ह्याला मधे उभं करून "आता पुढचा नंबर आमच्या वाघाचा" म्हणतात, दुकानावर पाटी आधीच '... आणि सन्स' अशी आहे, आणि आजोबा येता जाता सांगतात की माझं नाव तुला चालवायचंय. तो मुलगा बिचारा गणिताच्या वहीत मागच्या पानावर काय लिहितो माहितीये, वय वजा वय करून काढतो की नात्यातल्या एका दादाचं लग्न सत्ताविसाव्या वर्षी झालं म्हणजे माझ्याकडे किती वर्षं आहेत.

आणि तुमच्या तज्ज्ञांनी सांगितलेला उपाय ह्या घरात आधीच झालाय म्हणून तर मी पत्र लिहायला बसले. वडिलांनी त्याला तालमीत घातला. पहाटे पाचला उठवून स्वतः गाडीवर सोडायचे, म्हणजे वडिलांचा सहवासही झाला. केस बारीक कापले. झालं काय, तर वर्गातली तीच दोन पोरं त्याच तालमीत येतात! म्हणजे आधी सकाळी अकराला सुरू व्हायचं ते आता पहाटे पाचला सुरू झालं, आणि तिथे तर अंगावर फक्त लंगोट. वस्ताद मात्र शहाणा निघाला, त्याने काही दिवस बघितलं आणि वडिलांना म्हणाला की पोरगं चपळ आहे, अंगात कस आहे, पण ते भीतीने थिजून उभं राहतंय, ओढून आणलेला गडी मातीत टिकत नाही, त्याला आवडेल तेव्हा आणा. त्याला मानसशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. तालमीला माझा विरोध नाही, ज्याला आवडतं त्याने जरूर जावं, गे मुलाला आवडत असेल तर त्यानेही जावं. पण शाळेत मार खातो म्हणून शिक्षा म्हणून तालीम, हे काय औषध झालं?

आईचं वेगळंच. तिच्या सासूबाई म्हणतात तूच मुलीसारखं वाढवलंस, कडेवर घेऊन स्वयंपाक केलास म्हणून असं झालं. ती आधी देवाला कौल लावून आली, मग कोणीतरी सांगितलं म्हणून एका बाईकडे जाऊन लिंबू उतरवून आली, आणि मग एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, खात्रीशीर इलाज' अशी जी रंगवलेली जाहिरात असते त्यातल्या डॉक्टरचा नंबर घेऊन माझ्याकडे आली, की वहिनी तुम्ही शिकलेल्या आहात, ह्यांच्याकडे नेऊ का. नशीब की आधी विचारलं. मी तिला सांगितलं की असा 'इलाज' करणं हे डॉक्टरला बंदच आहे, मद्रास हायकोर्टाने २०२१ मध्ये त्यावर आदेश दिले आणि नंतर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं की अशी कन्व्हर्जन थेरपी म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन. गोळ्या, इंजेक्शन, शॉक, संमोहन, काहीही असो. मुलाला झोप लागत नाही, रडतो, त्यासाठी चांगल्या समुपदेशकाकडे जरूर ने, पण आत शिरताच आधी विचार की तुम्ही मुलाला बदलायचा प्रयत्न करणार का, आणि हो म्हणाले तर तशीच परत ये. (मी तिला हे सगळं 'चिडवतात ना, म्हणून सांगते' असं म्हणत सांगितलं. आई आहे, तिला काय कळायचं ते कळलं असेल, आम्ही दोघी त्यावर बोललो नाही.)

मग आम्ही शाळेत गेलो. हेडमास्तर म्हणाले, टाळी एका हाताने वाजत नाही मॅडम. मग म्हणाले तुम्ही ह्याला जरा मुलासारखं राहायला सांगा, आम्ही त्या पोरांना समज देतो. ठरलेलं वाक्य. मग आम्ही लेखी दिलं, आणि हा भाग मी जरा सविस्तर लिहिते कारण तुमच्या सदरातल्या त्या आईला ह्याचा उपयोग होईल. अर्जात मुलगा कसा आहे, कोण आहे, त्याला काय वाटतं याबद्दल एक शब्द लिहायचा नाही. फक्त काय झालं ते. तारीख, कितवा तास किंवा कुठली सुट्टी, जागा, कोण होतं, काय केलं, काय बोलले, कोणी बघितलं. स्टिकरचे स्क्रीनशॉट, फाडलेल्या वहीचा फोटो. आणि शेवटी आपली मागणी, की मधल्या सुट्टीत बाथरूमजवळ शिक्षक उभे करा, त्या मुलांच्या पालकांना बोलवा, ग्रुपवरचं काढायला लावा, आणि केलेली कारवाई आम्हाला अमुक तारखेपर्यंत लेखी कळवा. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का आणि सही घेऊन पोच घ्यायची. क्लार्क म्हणाला आपापसातलं आहे कशाला लेखी. आम्ही पोच घेतल्याशिवाय हललो नाही. आणि दाद लागली नाही तर पुढची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना जाते हे तिथेच गोड शब्दात सांगून ठेवायचं. शिक्षकाने स्वतः अपमान करणं, ते 'कुमारी' वगैरे, याला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात १७ वं कलमच आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. पीटीच्या सरांना ते कलम वाचून दाखवल्यापासून हजेरी नीट होते. आणि चड्डी ओढणं ही 'पोरांची मस्ती' नाही, लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे, हे हेडमास्तरांना माहीत होतं पण आठवण करून द्यावी लागली.

पोच घेतल्यावर गोष्टी हलल्या. वर्गशिक्षिका नवीन आहे, तरुण मुलगी, ती आता सुट्टीत स्वतः व्हरांड्यात उभी राहते, कोणी सांगितलं म्हणून नाही, तिने ठरवलं. स्टिकर ग्रुपवरून गेला, फोनमधून गेला नसणारच. एका मुलाची आई माझ्या दारात भांडायला आली की माझ्या पोराचं नाव खराब केलं. बाहेर रस्त्यावरचं अजून चालू आहे. पण मुलगा आता पाणी पितो.

शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का विचारलं, सरकारने २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत करायला सांगितली होती आणि बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले त्यानंतर २०२४ मध्ये तिची पुन्हा खूप चर्चा झाली. आहे म्हणाले. बोर्ड पण आहे, ऑफिसच्या कपाटाआड. त्यात नाव असलेल्या एका मॅडमना आपलं नाव तिथे आहे हे त्या दिवशी कळलं!

कॉलेजातल्या मुलांसाठी यूजीसीने (विद्यापीठांवरचा केंद्राचा आयोग) २०१६ मध्ये रॅगिंगच्या नियमात दुरुस्ती केली आणि लैंगिक कल यावरून छळ करणं म्हणजेही रॅगिंग असं स्पष्ट लिहिलं. चांगलं केलं. पण हा मुलगा कॉलेजला पोचणार कधी, अजून पाच वर्षं आहेत, आणि मधल्या काळात तो शाळा सोडून दुकानात बसला तर? युनेस्कोने तामिळनाडूत अशा मुलांचा अभ्यास करून २०१९ मध्ये मांडला, त्यात साठ टक्के जणांनी सांगितलं की मिडल स्कूल-हायस्कूलमध्ये आम्हाला मारहाण झाली, आणि शाळेकडे तक्रार करणारे निघाले फक्त अठरा टक्के. मला अठरा टक्केच जास्त वाटले. शाळेच्या नियमातही 'लैंगिक कल' एवढं घालायला काय लागतं? शिक्षकांना कोणी शिकवतच नाही हेही खरं, २०२१ मध्ये शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली तर आक्षेप आले आणि थोड्याच दिवसात ती साईटवरून गेली. आणि आपल्या राज्याने २००७ मध्ये लैंगिक शिक्षणच गुंडाळून ठेवलं होतं, विधिमंडळात केवढा गोंधळ झाला होता तेव्हा. फरिदाबादला २०२२ मध्ये दहावीतल्या मुलाने जीव दिला, घरच्यांनी शाळेला आधी सांगितलेलं होतं. उज्जैनला २०२३ च्या दिवाळीनंतर सोळा वर्षांचा मुलगा गेला, साडी नेसलेल्या रीलवर लोकांनी हजारोंनी घाण कॉमेंट लिहिल्या होत्या. त्या लिहिणाऱ्यांत मोठी माणसं होती, आपल्यासारखी, नोकरीवरून घरी येऊन चहा पीत लिहिणारी.

काही वाचक म्हणतील हे सगळं फॅड आहे, आता लग्नं पण मागतायत. लग्नाचा विषय सुप्रीम कोर्टात १७ ऑक्टोबर २०२३ ला होऊन गेला, मान्यता मिळाली नाही, पुढे काय ते मोठी माणसं आणि संसद बघतील. सातवीतला मुलगा लग्न मागत नाहीये हो. तो बाथरूमला जायला मागतोय.

आणि संपादक साहेब, राग मानू नका, पण वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तर द्यायची मराठीत परंपरा आहे आणि ती जुनी आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते, त्यात लोक पत्र लिहून काय वाटेल ते विचारायचे आणि ते न लाजता उत्तर द्यायचे. १९३४ मध्ये त्यांच्यावर जो अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांना दिलेल्या उत्तरांवरूनच, त्यात समलिंगी संबंधांवरचेही प्रश्न होते, आणि हायकोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, दंड झाला, पण उत्तर बदललं नाही. नव्वद वर्षांनंतर तुमच्या पेपरला ना खटल्याची भीती ना दंडाची, तरी उत्तर काय, तर तालीम लावा.

मला एवढंच पाहिजे की त्या आईला दुसरं उत्तर छापा, त्याच जागी, त्याच सदरात. तज्ज्ञांना वेळ नसेल तर माझं चालेल. बाई, तुमचा मुलगा कसा चालतो ते सोडा, त्याला कोण कुठे कधी मारतं ते वहीत लिहून ठेवा आणि शाळेतून पोच घ्या. त्याला घरात तरी पोटभर बोलू द्या. त्याच्या वडिलांना जमत नसेल तर निदान त्याच्या देखत "बायकी" हा शब्द तरी घरात बंद करा. मुलाला स्वतः बोलायचं असेल तर चाइल्डलाइन १०९८, फुकट आहे. रात्री अपरात्री फार जड वाटलं तर टेलिमानस १४४१६, तोही फुकट, मराठीत बोलतात. समलिंगी लोकांसाठी काम करणारा पुण्यात समपथिक ट्रस्ट आहे, बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, आणि अशा मुलांच्या आईवडिलांचाच 'स्वीकार' म्हणून गट आहे, तिथे तुमच्यासारख्याच आया भेटतील, ज्यांना सासूने हेच ऐकवलेलं आहे.

पत्र फार लांबलंय मला माहितीये, तुम्ही काटछाट करालच. तालमीचा, लावणीचा भाग काढलात तरी चालेल, माझ्या मिस्टरांचाही काढा, त्यांना बरंच वाटेल. पण अर्ज कसा लिहायचा तो परिच्छेद आणि फोन नंबर तेवढे ठेवा. आणि माझं नाव, गाव काही छापू नका.

आपली,
एक ट्यूशनवाली वाचक